बत्ती, आबा आणि टाकीचा नळ

बुद्ध पौर्णिमा. स्थळ अमरावती, उत्कर्षाचं घर. वेळ दुपारच्या जेवणानंतरची. हजर: मी, माझी भाची उत्कर्षा, तिचा नवरा निखिल, आणि त्यांची मांजर मिर्ची. गैरहजर: माझा भाऊ सिद्धार्थ, म्हणजे उत्कर्षाचे वडील, कारण त्याला बडनेऱ्याला ड्युटी होती, आणि आमचे बाबा, कारण ते अकोल्याहून निघालेच नाहीत. बाबांनी फोनवर उन्हाचं निमित्त सांगितलं. खरं कारण असं की हल्ली ते एकट्यानं प्रवास करायला भितात; वाटेत आपण काहीतरी विसरू असं त्यांना वाटतं. मी सरकारी दवाखान्याच्या भांडारात काम करते. तिथे काही कमी-जास्त झालं की आधी कोण हजर होतं ते लिहायचं असतं, म्हणून इथेही तसंच लिहिलं. गोष्ट माझ्या लहानपणीची आहे, पण मला ती कळली त्या दुपारी.

मिर्ची बंगाल जातीची आहे. निखिलनं तिला पुण्याहून आणलं. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर ठिपके आणि ठिपक्यांभोवती बिबट्याला असतं तसं काळसर कडं. पोट पांढुरकं, पण ठिपके तिथेही. शेपूट मुळाशी जाड आणि टोकाला काळी. मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच, त्यामुळे सपाट फरशीवर चालतानाही उतारावरून येत असल्यासारखी वाटते. खिडकीतून ऊन आलं की केसांवर जरीच्या काठासारखी चमक येते. म्यांव असं क्वचितच म्हणते, बहुतेक वेळा पाखरासारखी चिरचिरते. फ्रिजवर बसते, पडद्याच्या दांडीवर चालते, कपाटाचा खण पंजानं ओढून निखिलचे मोजे बाहेर काढते. कुणाच्या मांडीवर बसत नाही, पण घरातलं एक माणूस निवडते आणि दिवसभर त्याच्या पायात पायात करते. इथे ते माणूस उत्कर्षा आहे. ती कौतुकानं सांगत होती आणि मी ‘हो, हो’ करत होते.

‘आत्या, तुले भेव नाई वाटत हिचं? आई तं पहिल्या दिवशी पलंगावर चढून बसली होती.’

‘मले काहून वाटीन? आमच्या घरी होती अशीच.’

‘बंगाल?’ निखिल हसला. ‘तुमच्या लहानपणी? तेव्हा अकोल्यात कुठून येणार, आत्या!’

‘बंगाल नव्हती, परतवाड्याची होती. लोक म्हणत, आई गावातली अन् बाप जंगलातला.’

निखिल सावरून बसला. ‘मग अगदी शक्य आहे. ही जातही तशीच तयार झाली. जंगलातली वाघाटी, म्हणजे ठिपक्यांची रानमांजर, आणि घरातली मांजर यांच्या पिल्लांपासून. आणि वाघाटी तर आपल्या मेळघाटात आहेच.’

तो हे सांगत असतानाच आत पाण्याचा आवाज आला. मिर्ची बेसिनच्या काठावर उभी होती. तिनं नळाची दांडी पंजानं वर उचलली होती आणि धारेखाली दुसरा पंजा धरून ती तो चाटत होती. उत्कर्षा बसल्या जागेवरून ओरडली, ‘मिर्चे, बंद कर तो!’ आणि मला म्हणाली, ‘रोजचंच आहे. मले पाहू पाहू शिकली. आमी बाहीर जाताना मेन कॉकच बंद करून जातो. पहिल्या वेळी टाकी रिकामी झाली तं मी याच्यावरच आरडली होती.’

‘माफी अजून मागितली नाही,’ निखिल म्हणाला. दोघंही हसले.

मी उठून नळ बंद केला. बंद केल्यावरही माझा हात दांडीवरून निघेना. उत्कर्षानं विचारलं, ‘काय झालं, आत्या?’ मी म्हटलं, ‘काही नाही. आबा आठवले.’

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंटमन होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची तर एक लोखंडी दांडी ओढावी लागे, ते त्यांचं काम. दांडी ओढली की हात वर करून मोठ्यानं ‘लागला!’ म्हणायचं, म्हणजे आपल्या कानालाही कळतं की हातानं काय केलं, अशी त्यांची शिस्त. निवृत्त होऊन आमच्याकडे अकोल्याला आले तरी ती सुटली नाही. दाराला कडी घातली की ‘लागली!’ कंदील विझवला की ‘विझला!’ आणि अंगणातल्या टाकीचा नळ फिरवला की ‘बंद!’ हा ‘बंद!’ आमच्याच काय, शेजारच्या घरातही ऐकू जाई. आई भाकरी थापता थापता हसून म्हणायची, ‘गेली बाप्पा मालगाडी.’

अकोल्यात तेव्हाही पाणी रोज येत नसे. नळ येण्याचा दिवस म्हणजे घरात सणासारखी धांदल. पहाटेपासून बादल्या, घागरी, कोठ्या रांगेत लागत. अंगणातली सिमेंटची टाकी भरली की पुढचे चार-पाच दिवस त्यावर काढायचे. टाकीला आबांनी भंगार बाजारातून आणलेला पितळी नळ बसवला होता. त्याला वर लांब दांडी होती. ती आडवी केली की बंद, सरळ केली की चालू. फिरकीच्या नळापेक्षा हा बरा, असं आबांचं मत. दांडी डोळ्याला दिसते, अंधारात हाताला कळते. त्यात ते आठवड्याला गोडंतेल सोडत, त्यामुळे नळ इतका हलका झाला होता की मी करंगळीनं फिरवत असे. हे तेल सोडणं मी आता पुन्हा पुन्हा आठवते.

बत्तीला आबांनीच आणलं. परतवाड्याला लाकडाच्या वखारीत त्यांचे एक जुने मित्र होते. त्यांच्याकडे गेले असताना वखारीत मांजर व्यालेली होती. बाकीची पिल्लं साधी, एक मात्र ठिपक्यांचं. मित्र म्हणाले, हे वाघाट्याचं पोर आहे, घरात टिकायचं नाही. आबांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि बसनं अकोल्याला आणलं. आईनं पाहताच कपाळाला हात लावला. ‘हे मांजर होय काय आबा? उद्या आमालेच खाईन.’

‘तुले कायची खाते? तुह्या हातची भाकर खाल्ली तं गरीब होऊन जाईन.’

अंधारात तिचे डोळे सिग्नलच्या दिव्यासारखे पेटत, म्हणून नाव बत्ती. ती टिकली, आणि आबांचीच झाली. आम्ही भावंडं दूध-भाकरी कुस्करून तिच्यापुढे धरायचो, ती वास घेऊन निघून जायची. आबा संडासला निघाले तरी दाराशी बसून राहायची. दुपारी ते बाजेवर पडले की पायथ्याशी, उठले की पुढे. कवेलूंच्या छपरावरून थेट अंगणात उडी घ्यायची. तव्यावर ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सुटल्याचा आवाज आला की रांजणामागून तिचं चिरचिर सुरू व्हायचं. आणि पाण्याचं तिला वेड. बशीतलं पाणी ती पीतच नसे. आबा टाकीवर हातपाय धुवायला गेले की ही टाकीच्या कट्ट्यावर. आबा दांडी फिरवायचे, ती धारेत पंजा धरायची. आबा ‘बंद!’ म्हणायचे, ती त्यांच्या हाताकडे बघत राहायची. मांजर पाण्याला भितं, हे जगातल्या प्रत्येकाला माहीत असल्यासारखं आम्हालाही माहीत होतं. बत्ती भीत नाही याचं आम्हाला नवल वाटे. त्यापुढे कुणी विचार केला नाही.

पहिल्यांदा टाकी वाहून गेली तेव्हा आईला वाटलं आम्हा पोरांपैकी कुणीतरी. दुसऱ्यांदा आम्ही शाळेत होतो. घरात आई आणि आबा दोघंच, आणि आई तर दळण घेऊन गिरणीत गेली होती. तेव्हापासून संशय आबांवर गेला. आबा वयस्कर होते, अधूनमधून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, आम्हा बहीणभावाच्या नावांची अदलाबदल करायचे. बाबा शाळेत गणित शिकवत. त्यांनी उत्तर काढलं: वय झालं, विसर पडू लागला. मला अजून दिसतं ते असं: वाहत्या नळापाशी ओल्या अंगाची बत्ती, आणि आई तिला हुसकावत म्हणते आहे, ‘पाणी सांडलं की हे इथं हजर!’ चोर समोर बसून मिशा चाटत होता आणि आम्ही त्याला बाजूला सारून चोर शोधत होतो.

मग ती दुपार. आईकडची माणसं अमरावतीहून जेवायला यायची होती. पाणी आदल्याच दिवशी आलेलं, टाकी काठोकाठ. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजत होते, पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत होती, आणि आम्हाला सारखा घास चाखायला मिळत होता. पाहुणे आले, जय भीम झाला, आबांनी टाकीवर सगळ्यांचे हातपाय धुवून घेतले, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत हात वर करून ‘बंद!’ म्हटलं. मोठा मामा त्यावर हसलासुद्धा. मग सगळे आत जेवायला बसले. बत्तीला भाजीतलं काही नको होतं, म्हणून ती बाहेरच होती. जेवणं होऊन आई खरकटी भांडी घेऊन अंगणात गेली, तर अंगणभर चिखल आणि टाकीत तळाला बोटभर गाळ. भांडी घासायला पाणी नाही, पाहुण्यांना प्यायला माठातलं तेवढंच. पुढचं पाणी कधी येईल ठाऊक नाही.

बाबा आबांवर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला.

‘आबा, सायकलवर डबे बांधून पानी मले आनावं लागते! तुमाले समजत कसं नाई?’

आबा गोंधळून उठले. ‘म्या बंद केला. म्या बंद म्हटलं. तुमी आयकलं ना? आयकलं ना रे सगळ्यायनं?’

सगळ्यांनी ऐकलं होतं. आईनं, मामानं, मी. कुणी बोललं नाही.

बाबा म्हणाले, ‘म्हननं अन् करनं येक नाई, आबा.’

आबा खाली बसले. आपल्या उजव्या हाताकडे बघत ते हळूच म्हणाले, ‘म्हंजे तोंड म्हनते अन् हात करत नाई.’ मी तेव्हा चौथीत होते. ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. ज्या माणसाच्या हाताच्या भरवशावर रात्रंदिवस गाड्या गेल्या, त्यानं त्या क्षणी आपल्या हातावरचा विश्वास काढून घेतला.

त्यानंतर आबा ‘बंद!’ म्हणेनासे झाले. नळाला हातही लावत नसत. हात धुवायचे तर मला हाक मारत, ‘कुंदे, येवढं पानी टाक वं माय.’ कडी लावायची तर आईला सांगत. बाजारात एकटे जाईनासे झाले. आणि तरीही टाकी आणखी एकदा वाहिली. या वेळी आबांनीच म्हटलं, ‘मले आठवत बी नाई अन् मी उठून करून राह्यलो. मले पोचवून द्या बडनेऱ्याले.’ बडनेऱ्याला माझे काका होते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे माणसं जास्त, लक्ष ठेवायला बरं. बाबांनी त्यांना स्वतः नेलं. स्टेशनवर निघताना आबांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वर फडकं बांधलेली वेताची टोपली, तिच्यात बत्ती. ती आतून चिरचिरत होती.

आबा बडनेऱ्याला गेले आणि आमची टाकी पुन्हा कधी वाहिली नाही.

हाच पुरावा झाला. आई म्हणाली, ‘पाहा बरं.’ बाबांच्याही मनातली शंका फिटली असावी. टोपलीत कोण गेलं हे आमच्यापैकी कुणाच्या हिशेबात आलं नाही. बडनेऱ्याच्या क्वार्टरला फिरकीचा नळ होता, तो पंजानं फिरत नाही. तिथे आबा आणखी काही वर्षं जगले. मी सुट्टीत जायची तेव्हा बाजेवर बसलेले असत, पायथ्याशी बत्ती, आणि स्टेशनात गाडीची शिटी झाली की उजवा हात जरासा उचलून परत मांडीवर ठेवत. पाणी मागून प्यायचे. बत्ती त्यांच्या आधी एका हिवाळ्यात गेली. आबा शेवटपर्यंत स्वतःला विसराळू समजत होते. त्यांना आमच्या सगळ्यांच्या जन्मवेळेचं पाऊस-पाणी आठवायचं, कुठल्या गाडीला कुठल्या साली उशीर झाला ते आठवायचं. तरी समजत होते.

आमच्या घरात ‘आबांसारखं’ हा शब्द तेव्हापासून रुजला. कुणी छत्री विसरलं तर ‘आबांसारखं करून राह्यला’. मी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक गोष्ट लिहून ठेवते, औषधांचा साठा आणि घरचा किराणासुद्धा, त्यामागे हीच धास्ती आहे. लोक मला नीटनेटकी म्हणतात. मी आबांसारखी होऊ नये म्हणून लिहायचे, एवढंच.

आता बाबांचं. आई गेल्यापासून ते अकोल्याच्या त्याच घरात एकटे राहतात. वरची कवेलू जाऊन स्लॅब आला, टाकी आणि नळ मात्र तेच. भाजीवाल्याशी भांडतात, शेजारच्या पोरांना गणित शिकवतात, कुंडीत कढीपत्ता लावलाय. यंदा उन्हाळ्यात एकदा त्यांचं दूध उतू गेलं आणि एकदा किल्ली आत राहून दार लागलं. माझीही किल्ली दोनदा राहिली आहे. पण बाबांनी मला आणि सिद्धार्थला बसवून सांगितलं की दिवाळीनंतर घर भाड्यानं द्यायचं, मी बडनेऱ्याला सिद्धार्थकडे येतो. आम्ही म्हटलं, काहून? ते म्हणाले, ‘आबाले कोनीतरी सांगा लागलं. मले सांगा लागू नये.’

मी तेव्हा लगेच कामाला लागले होते. भाडेकरू बघितला, सामानाचे तीन भाग केले: न्यायचं, वाटायचं, विकायचं. सिद्धार्थनं त्यांच्यासाठी पुढची खोली रंगवायला काढली. सगळं वेळेवर चाललं होतं. मग बुद्ध पौर्णिमा आली आणि मिर्चीनं नळ उघडला.

मी उत्कर्षाला आणि निखिलला त्याच दुपारी सगळं सांगितलं. निखिल लगेच म्हणाला, ‘तुमच्या बाबांना सांगून टाका ना. त्यांची भीतीच जाईल.’ त्याचं बरोबर आहे. बाबांना विसरण्याचा वारसा नाही, हे त्यांना कळेल. घर सोडायचं कारण उरणार नाही. कढीपत्ता तिथेच राहील. पण उत्कर्षा माझ्याकडे बघत म्हणाली, ‘अन् मंग त्याईले हे बी समजीन ना आत्या, का आबा खरं बोलत होते.’ तिचंही बरोबर आहे. बाबांनी आयुष्यात वडिलांवर एकदाच आवाज चढवला आणि तो चुकीच्या वेळी चढवला. त्यांना घरी ठेवायचं तर हे त्यांच्या हाती द्यावं लागेल. न द्यावं तर ते आबांच्याच वाटेनं बडनेऱ्याला जातील, तसेच, आबांइतकेच शहाणे. दोन्ही रकाने मी भरून पाहिले. बेरीज लागत नाही.

शेवटी ठरलं की तोंडानं सांगायचं नाही, दाखवायचं. मिर्चीला अकोल्याला न्यायचं, टाकीच्या कट्ट्यावर सोडायचं आणि बाबांना शेजारी खुर्ची द्यायची. ते गणिताचे मास्तर आहेत, पुढचं त्यांचं ते मांडतील. उत्कर्षानं मांजरीला न्यायची पेटी माझ्या गाडीत ठेवून दिली. पुढच्या रविवारी मिर्चीला घेऊन अकोल्याला जायचं होतं, तो रविवार मी पुढे ढकलला. नंतरचाही. कारणं लिहून ठेवली आहेत: ऊन फार, मग दवाखान्यात साठ्याची मोजणी, मग मिर्चीचं इंजेक्शन. सगळी खरी आहेत.

गेल्या शनिवारी मी अकोल्याला गेले होते. भाडेकरू येऊन घर बघून गेले, त्यांना पसंत पडलं. जेवण झालं, बाबांनी स्वतःच भांडी विसळली, मला हात लावू दिला नाही. मग अंगणात जाऊन टाकीचा नळ आडवा केला, वाकून पाहिला, पुन्हा हात लावून पाहिला. आणि माझ्याकडे पाठ असतानाच मोठ्यानं म्हणाले, ‘बंद!’ हे त्यांनी कधी सुरू केलं मला माहीत नाही.

वळून त्यांनी विचारलं, ‘म्या म्हटलं ना, कुंदे? तुवा आयकलं ना?’

‘आयकलं, बाबा,’ मी म्हटलं. ‘बंद आहे. मी पाह्यलं.’

त्यांना बरं वाटलं. ते हात पुसत आत गेले. मांजरीची पेटी अजून माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे, रिकामी.